माझ्या चरबीला आलेली मागणी

मी साताऱ्याहून सांगलीला एका प्लॅस्टिक सर्जनकडे पोटाची चरबी काढून घ्यायला गेलो होतो. घरी मात्र सांगितलं होतं, लग्नाला जातोय.

दवाखान्यात बाकावर शेजारी कुंडलची एक बाई बसली होती. गुऱ्हाळावर उकळता रस उडून तिचा उजवा हात भाजला होता. पट्टीतला तो हात तिनं तान्ह्या लेकरासारखा मांडीवर घेतला होता.

"तुमास्नी काय झालंय, दादा?"

"पोट," मी पुटपुटलो.

"दुखतंय व्हय?"

"नाही. साताऱ्याहून चरबी काढायला आलोय."

ती हसेल म्हणून मी पोट आत ओढलं. ते ऐकेना. पण ती हसली नाही. विचार करून म्हणाली, "माज्या मांडीची कातडी काढून हाताला लावणार हायती. तुमची चरबी चालती का, इचारते."

आत जाऊन तिनं खरंच विचारलं. डॉक्टरांचं हसणं बाहेर ऐकू आलं. ती ओशाळून परतली. "दुसऱ्याचं चालत न्हाई म्हणं."

मग मी आत गेलो. "हा लठ्ठपणावरचा इलाज नव्हे," डॉक्टर म्हणाले, "आधी वजन उतरवा."

बाहेर येऊन तिला सांगितलं, तर तिचा चेहराच उतरला.

"आवं, मग हे सगळं परत साताऱ्यापातुर घिऊन जायाचं?"

स्वतःचा हात विसरून ती माझ्या पोटाकडे कळवळून बघत होती. तेव्हा मला स्वतःची जितकी लाज वाटली, तितकी त्या पोटाचीही कधी वाटली नव्हती.