आयसीयूतला मालक

"गप झोप. मालक सांगतोय ना तुला?"

डॉक्टर माझ्या बापाला असं म्हणाला. बाप सत्तरीचा, हा जेमतेम चाळिशीचा. आबांनी लगेच हात जोडायला बघितलं. पण हात खाटेच्या कठड्याला बांधलेले. मग नुसती मान खाली घातली आणि अंग चोरून पडून राहिले. डॉक्टर वॉर्डबॉयकडे वळला. "बघितलंस? औषधापेक्षा भारी."

दोघं हसले. मी दारात उभी होते. मीही हसल्यासारखं तोंड केलं. उपकार होते ना डोक्यावर.

डोंबिवलीत ज्या वहिनींकडे मी पोळ्या करायचे, त्यांचा हा डॉक्टर भाऊ. टिटवाळ्याच्या खोलीत आम्ही तिघं, मी, माझी लेक आणि आबा. तिथं आबांना न्यूमोनिया झाला, श्वास पुरेना. वहिनींनी एक फोन केला आणि कल्याणला खाट मिळाली. मी सातवीत शाळा सोडलेली. गाव जालन्याकडचं, इथं ओळखीचं कोण? वहिनी म्हणाल्या, "दादाला उलट काही विचारू नकोस हं." नाही विचारलं. मी तर लिफ्टवाल्यालासुद्धा थँक्यू म्हणत होते.

आयसीयूत आबांचं डोकं भरकटलं. ते थेट गावात गेले, तरुणपणी सालगडी होते त्या मालकाच्या दारात. खाटेवरून सारखे उतरायला बघायचे. "मालक, चुकलो. खाली बसतो. वर न्हाई बसत." डॉक्टर दिसला की त्यालाच मालक समजायचे. मास्क ओढायचे. म्हणून हात बांधले.

मला कोणी काही सांगितलं नाही. बाहेर बाकड्यावर बसून वाटायचं, बाप वेडा झाला. घास उतरत नव्हता. शेवटी एका सिस्टरला दया आली. "ताई, वेड नाही हे. आजारात होतं असं, उतरतं. घरचं माणूस जवळ बसलं, बोललं की बरं असतं."

एवढंच तर सांगायचं होतं. मोठ्या डॉक्टरला तेवढंही जड झालं होतं. त्याला खेळ सापडला होता.

दुसऱ्या दिवशी तो दोन शिकाऊ मुलींना घेऊन आला. गंमत दाखवायला. मी दारातच होते.

"ए म्हाताऱ्या, कोण आलंय?"

"मालक."

"मग पाणी का पीत नाहीस?"

सिस्टर पेला धरून होती, आबा तो तोंडाला लावूच देत नव्हते. बांधलेल्या हातांची बोटं एकमेकांकडे न्यायला धडपडत होते.

"भीक मागतोय बघा," डॉक्टर म्हणाला.

भीक नव्हती ती. ओंजळ होती. मालकाच्या दारात आमच्या माणसाला पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. पेल्याला तोंड लावायचं नाही. जीभ तहानेनं कोरडी पडलेली, तरी बाप नियम पाळत होता. आणि हा शिकलेला गडी दात काढत होता.

 मी पुढं गेले.

"तुम्ही मालक नाही. डॉक्टर आहात. त्यांना अहो म्हणा."

"काय?"

"आणि हात सोडा त्यांचे. मी बसते धरून."

"खाट कोणामुळे मिळाली, माहितीये ना?"

"माहितीये. खाट मिळाली. बदल्यात बाप नाही दिला मी."

मुली खाली बघायला लागल्या. सिस्टरनं गाठी सोडल्या.

"आबा, मालक कधीच मेला. मी तुमची लेक. पेला आपला आहे, लावा तोंड."

त्यांनी आधी डॉक्टरकडे बघितलं. परवानगीसाठी. मी मधे उभी राहिले, त्यांना तो दिसू नये अशी. मग प्यायले.

संध्याकाळी वहिनींचा फोन. "अगं, काय बोललीस दादाला? आत्ताच्या आत्ता सॉरी म्हण. माणसाला उपकाराची जाण असावी!"

"जाण आहे, वहिनी. म्हणून एवढंच बोलले."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"बरं."

पोळ्या लाटायला डोंबिवलीत घरं पुष्कळ.

आबांचा भ्रम उतरला. सुट्टी मिळाली त्या दिवशी डॉक्टर समोरून आला. आबांचे हात आपोआप वर यायला लागले. पूर्ण शुद्धीत. मी ते दोन्ही धरले आणि खाली आणले.

"पोरी, डॉक्टर हायेत ते," आबा पुटपुटले.

"असू देत. चला."

त्या डॉक्टरचा भ्रम काही उतरलेला नाही. तो अजून मालकच आहे. राहू दे त्याला. माझ्या घरातले हात त्याच्यापुढे जुळणार नाहीत. बापाचे नाहीत, माझे नाहीत, माझ्या लेकीचे तर नाहीतच.