नाल्याकडच्या ओळी

मोताळ्याच्या बाजूचे आमचे गाव. त्या वर्षीची कार्तिकातली दुपार मला अजूनही अर्धवट झोपेत दिसते. वारा पडलेला, दूरवर अजिंठ्याच्या डोंगराची निळसर रेघ, आणि खाली पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे, हिरवे शेत, जणू काहीच बिघडलेले नाही. बोंड फोडले की मात्र आत गुलाबी अळी.

त्या काळी बीटी कपाशीच्या बियाण्याच्या पिशवीसोबत साध्या सरकीचे एक छोटे पाकीट येई. ती सरकी शेताच्या कडेला चार-पाच ओळींत टोबायची, दाणा दाणा मातीत खोचून लावायची. काही अळी त्या साध्या झाडांवर जगावी, म्हणजे बीटीचे विष पचवणाऱ्या अळीचेच राज्य होणार नाही, असा त्यामागचा विचार. गावाला तो पटला नव्हता. अळीले पोसाले कोणी पेरतं का, असे म्हणत लोक पाकिटे उकिरड्यावर टाकीत. मला तो पटला होता. तरी मी पेरले नाही. लोक हसतील, एवढेच कारण. फेकायलाही मन धजेना, म्हणून कोनाड्यात, पवित्र शास्त्राशेजारी, ते ठेवून दिले.

पीक गेल्यावर गावाने बियाण्याबद्दल तक्रार केली. चौकशीला कृषी खात्याचे साहेब आले, लिंबाखाली बसले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न त्या पाकिटाचा विचारला; ते पेरले नसेल तर तक्रार टिकणार नव्हती. मग माझ्या धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, असलेल्या बालमित्राने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"याले विचारा, साहेब. किरिस्तावाचं घर हाये. हा मानूस खोटं बोलत नाही."

किती गोड वाटले ते. मी म्हणालो, "पेरलं होतं, साहेब. सगळ्यांनीच." साहेबांनी लिहून घेतले. त्या दिवशी चहाचा पहिला कप मला मिळाला.

घरी आलो तेव्हा पत्नी कोनाड्यासमोर उभी होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. पाकीट तिच्या तळहातावर होते, न फोडलेले. ती रागावली नाही. हळूच म्हणाली, "तुमाले भेव कोनाचं वाटलं?"

मी आमच्या ख्रिस्ती मंडळीतला वडील, म्हणजे पंच. देवाचे भय मला दे, अशी प्रार्थना वर्षानुवर्षे सुबक शब्दांत करीत आलो होतो. तिचा तो घरगुती 'भेव' कानी पडला आणि उमगले, की देवाला मी कधी भ्यालोच नव्हतो. भीत होतो ते लिंबाखाली बसलेल्या माणसांना.

त्या रविवारी चर्चमध्ये हंगामाची उपकारस्तुती होती. वेदीपुढे ज्वारीची कणसे, भोपळे, थोडाफार चांगला कापूस. मी ते पाकीट ठेवले आणि काय केले ते सांगितले. एका म्हातारीने आपला भोपळा सरकवून पाकिटाला जागा करून दिली.

सोमवारी तालुक्याला जाऊन साहेबांना सांगितले, की माझ्या शेतात पेरले नव्हते, आणि इतरांच्या वतीने बोलण्याचा मला अधिकार नव्हता. संध्याकाळी मित्राने फाट्यावर गाठले. "तू देवाजवळ चांगला झाला. आमचं काय बे?" पुढे दोन दिवाळ्या तो आमच्या घरी आला नाही.

पुढच्या हंगामात आम्ही दोघे साधी सरकी टोबायला बसलो. सुरुवात मी रस्त्याच्या कडेने केली. पहिली ओळ संपेपर्यंत लक्षात आले, की रस्त्यावरून फटफटी गेली की माझी मान वर होते. हसणारे हसत होते, आणि मला तेही आवडू लागले होते. पत्नीने सरकीची टोपली उचलली. "तिकून लावू," म्हणाली, आणि नाल्याकडे चालू लागली.

तेव्हापासून त्या ओळी नाल्याकडेच असतात. तिकडून कोणी जात नाही. पाणी वाहते, पलीकडे बाभळी स्वप्नात असल्यासारख्या उभ्या असतात. मी वाकून दाणे टाकतो, आणि अजूनही मधूनच मान वर करून पाहतो.