वन्संचा धनुष्याचा साचा

अर्ध्या मिलिमीटरपायी दोन दिवस जेवण गोड न लागणारी एकच व्यक्ती मी आजवर पाहिली, ती म्हणजे माझ्या थोरल्या वन्सं. बाविसाव्या वर्षी त्या धुळ्याहून एकट्याच दिल्लीला आल्या, एका केंद्रीय सरकारी खात्यात नकाशे काढायच्या नोकरीला लागल्या आणि आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये अशा राहिल्या, की भिंतीवरच्या कॅलेंडरचीसुद्धा तिरकं लोंबायची हिंमत झाली नाही. लग्न होऊन मी त्याच घरात आले, कारण नोएडातला आमचा फ्लॅट तेव्हा फक्त कागदावर होता. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी पोळी ताटात दोनदा फिरवून पाहिली आणि अगदी मायेनं सांगितलं, की चव उत्तम आहे, फक्त हिला केंद्रं दोन आहेत. मंडळाच्या गणपतीत एकदा ऐन आरतीच्या वेळी मखर डावीकडे झुकलंय असं त्यांना दिसलं. त्यांनी पर्समधून दोरा काढला, त्याला घराची किल्ली बांधून ओळंबा केला, आणि मखर सरळ होईपर्यंत सगळं मंडळ हातात टाळ घेऊन निमूट उभं राहिलं. त्यांचा आवाज कधी चढला नाही, पण त्या जवळ आल्या की माझ्या हातून काहीतरी सांडायचंच.

त्या वर्षांत दिल्लीत रोज काहीतरी नवं येत होतं. नव्या गाड्या आल्या, टीव्हीवर वाहिन्या आल्या, आणि वन्संच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले. एका सोमवारी त्यांचा ड्रॉइंग बोर्ड स्टोअररूममध्ये गेला आणि त्यांना टपालाच्या टेबलावर बसवलं. घरी त्यांनी एवढंच सांगितलं, की खिडकीजवळची जागा मिळाली, बिल्कुल छान ऊन येतं. त्याच आठवड्यात बस चुकली म्हणून त्या एका मैदानाच्या कुंपणाशी थांबल्या. आत तिरंदाजीचा सराव चालला होता. बाण कुठे लागतो हे बघायचं सोडून वन्सं धनुष्याचा बाक बघत राहिल्या, आणि शेवटी आत जाऊन त्यांनी प्रशिक्षकांना विचारलं, की एवढं जाड लाकूड असं वाकतं कसं. ते म्हणाले, एकच लाकूड नसतं. पातळ पट्ट्यांना सरस लावून त्या एकावर एक ठेवतात आणि एका लाकडी साच्यावर आवळून बांधतात. सरस वाळला की साच्याचा आकार धनुष्याला कायमचा राहतो.

“आणि साच्याची रेघ कोण काढतं?” वन्संनी विचारलं.

ते काही प्रशिक्षकांना माहीत नव्हतं. वन्सं घरी आल्या आणि चपलाही न काढता ट्रेसिंग पेपर शोधायला लागल्या.

आमच्या घरात कुणी कधी गलोलसुद्धा हातात धरली नव्हती. ह्यांनी विचारलं, ताई, मारायचं कुणाला आहे? ते नंतर बघू, असं त्यांनी मान वर न करता सांगितलं. त्यांनी फक्त अर्धीच रेघ काढली. दुसरी अर्धी वेगळी काढली तर ती पहिलीसारखी होणार नाही, म्हणून तोच कागद उलटा ठेवून गिरवायचा, हे मला तेव्हा कळलं. जवळच्याच मुनिरका गावातल्या सुताराकडून त्यांनी प्लायवूडचे थर चिकटवून, माणसाएवढ्या लांबीचा वळणदार ठोकळा कापून आणला. तो सुतारही चक्रावला होता. “मॅडम, पालना बनाना है तो बच्चा कहाँ है?” असं त्यानं विचारल्याचं वन्संनी घरी गंभीरपणे सांगितलं. पुढचे दोन महिने ठोकळा बाल्कनीत होता आणि वन्सं पॉलिश पेपर घेऊन त्याच्यापाशी. येणारा प्रत्येक पाहुणा अंदाज करायचा. कुणाला ती झुलत्या खुर्चीची बैठक वाटली, शेजारच्या सरदारजींना स्कूटर चढवायचा उतार. वन्सं सगळ्यांचं ऐकून घेत आणि कड काटकोनात आहे का ते पुन्हा तपासत, कारण ती जरा तिरकी राहिली तर धनुष्याला पीळ पडतो.

मला काय झालं कोण जाणे, मीही संध्याकाळी बाल्कनीत जाऊन बसायला लागले. वन्संनी मला डोळे मिटून साच्यावरून तळवा फिरवायला शिकवलं. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा हाताला लागायचा, आणि तो सापडला की मला लहान मुलासारखा आनंद व्हायचा.

एका रविवारी दुपारी आम्ही लाकडाच्या पातळ पट्ट्या साच्यावर चिकटवल्या. सरस साच्याला लागू नये म्हणून त्यावर प्लास्टिक पसरायचं काम माझ्याकडे होतं. मग सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून दोघींनी सगळं घट्ट आवळलं. मी सगळा वेळ माहेरच्या गोष्टी सांगत होते. तीन दिवसांनी सोडून बघतो, तर धनुष्य साच्याला पक्कं चिकटलेलं. माझ्या प्लास्टिकचा एक कोपरा दुमडला होता आणि सरस आत शिरला होता. सुतार म्हणाला, साचा कापून काढा, धनुष्य वाचेल. वन्संनी एक दिवस विचार केला, मग छिन्नी घेतली आणि साचा जपत धनुष्याचे तुकडे तुकडे करून काढले. मी स्वयंपाकघरात उभी राहून आवाज ऐकत होते. शेवटी न राहवून बाहेर आले आणि सांगितलं, की प्लास्टिक माझ्याच हातून दुमडलं.

“मला दिसलं होतं,” वन्सं म्हणाल्या.

मग तुम्ही बोलला का नाहीत, असं मी विचारलं. त्यांनी छिन्नी पुसून बाजूला ठेवली.

“तू पहिल्यांदाच माझ्याजवळ न घाबरता बोलत होतीस. म्हटलं, राहू दे.”

दुसरं धनुष्य थंडीत झालं. प्रशिक्षकांनी दोरी आणि एक बाण दिला, आणि वन्सं आमचं बांधकाम बघायला नोएडाला आल्या तेव्हा धनुष्यासकट सगळं सोबत घेऊन आल्या. आमच्या इमारतीमागे तेव्हा नुसती मोकळी जमीन होती, सरकंड्याचं उंच गवत माजलेलं, मधूनमधून विटांचे ढीग. वन्संनी पदर खोचला, दोरी ओढली आणि तशाच उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, समोरून बाजूला हो आणि नीट बघून सांग, दोन्ही बाजू सारख्या वाकतात का. मी बघितलं. सारख्या वाकत होत्या. तसं सांगितल्यावर त्यांनी बाण सोडला. तो विटांच्या ढिगावरून पार पलीकडे गेला. मी धावले, गवत पालथं घातलं, पण सापडला नाही. वन्सं शोधायला आल्याच नाहीत. त्या दोरी उतरवून धनुष्यावरून हात फिरवत होत्या.

वन्संना जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाण हरवला त्या जमिनीवर बारा-बारा मजली इमारती आहेत, खाली फरसबंदी आहे, आणि मी रोज भाजी घ्यायला तिथूनच जाते. फरसबंदीत कुठेतरी एक फट दिसली, की माझी पावलं उगीच हळू होतात.