सरावाची मुलाखत

लॉ कॉलेजात पहिली दोन वर्षं सगळे एकमेकांना नावाने ओळखतात. त्यानंतर इंटर्नशिपने ओळखायला लागतात. "ती ना, ती अमक्या फर्मवाली," असं कँटीनमध्ये ऐकू यायचं आणि माझा चहा कडू व्हायचा, कारण मी कुठलीच नव्हते.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोठ्या लॉ फर्म सुट्टीत महिनाभरासाठी विद्यार्थी घेतात, त्यांना भरपूर राबवतात आणि पुढे नोकरी द्यायची वेळ आली की त्यांच्यातल्याच काही जणांना देतात. आत जायचं दार ते एकच. माझं चौथं वर्ष संपत आलं होतं. या सुट्टीत कुणी घेतलं नाही तर मोठ्या फर्मचं स्वप्न गुंडाळून माळ्यावर टाकायचं, हे मला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून मी अर्ज करत सुटले होते. प्रत्येक अर्जात "तुमचीच फर्म का" ते लिहावं लागतं, त्यामुळे मी रोज नव्या फर्मच्या प्रेमात पडायचे. सकाळी एकीच्या, दुपारी दुसरीच्या. प्रत्येकीला सांगायचे की लहानपणापासून मला तुझ्याचकडे यायचं होतं. उत्तरं येत नव्हती. सरळ नाही म्हणण्याइतकीही कुणाला सवड नव्हती. वर्गातल्या काही जणांचे मामा, काका, निदान शेजारी तरी वकील होते. आमच्या विक्रोळीच्या कॉलनीत वकील लागला तर घाटकोपर गाठावं लागायचं.

बाबा कारखान्यात मशीनवर होते. कामावरून आले की चप्पल काढायच्या आधी दारातूनच विचारायचे, "आलं का गं काही?"

"आलं की सांगेन ना, बाबा!" मी खेकसायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कधीकधी वाटायचं, फर्मने नाही म्हटलेलं परवडेल, पण हा प्रश्न आवरा.

आणि एके दिवशी खरंच आलं. अंधेरीच्या एका बड्या फर्मने मुलाखतीला बोलावलं. मी फक्त आईला सांगितलं आणि कुणाला सांगू नकोस म्हणून बजावलं. आईने फक्त बाबांना सांगितलं. बाबांनी बुद्धविहारात सांगितलं. संध्याकाळी मी पाव आणायला खाली उतरले तर बेकरीवाल्यापर्यंत बातमी गेलेली होती.

आमच्या कॉलनीत एक पद्धत आहे. कुणालाही मुलाखतीचं बोलावणं आलं, बँकेचं, रेल्वेचं, महापालिकेचं, की आधीच्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात त्याची सरावाची मुलाखत घ्यायची. टेबलावर निळं कापड, टेबलामागे तीन ज्येष्ठ मंडळी, समोर एकटी खुर्ची, आणि भोवती सतरंजीवर अख्खी कॉलनी. मधल्या खुर्चीत विहार कमिटीचे अध्यक्ष. पोस्टातून रिटायर झालेले. ते इतकी वर्षं अध्यक्ष होते की आम्ही पोरंही त्यांना अध्यक्षच म्हणायचो. फक्त बाबा त्यांना अण्णा म्हणायचे. बाबा तरुणपणी त्यांच्याच हाताखाली विहाराच्या त्या हॉलमध्ये शिकलेले.

या पद्धतीचा दुसरा भाग मात्र जीवघेणा होता. मुलाखत देऊन आलेल्याने पुढच्या रविवारी परत यायचं, त्याच खुर्चीपाशी उभं राहायचं आणि काय विचारलं, काय आलं, काय चुकलं, ते सगळ्यांसमोर सांगायचं. निवड झालेली असो नाहीतर नसो. मागून जाणारा शहाणा होतो म्हणून. यात लाजण्यासारखं काही नाही, असं अध्यक्ष नेहमी म्हणायचे. लाज वाटायची ती वाटायचीच.

माझ्या सरावाच्या रविवारी हॉल भरला होता. लॉ फर्म हा प्रकार कुणीच पाहिलेला नव्हता, त्यामुळे मंडळींचा उत्साह जास्तच.

"बस म्हटल्याशिवाय बसायचं नाही," अध्यक्षांनी सुरुवातीलाच ठणकावलं. "कितीही वेळ लागो. फाइल कुठंय?"

"फाइल लागत नाही, अध्यक्ष. सगळं मेलवर दिलंय."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पोरगी बिनफायलीची निघाली होती! मग झेरॉक्स कुठल्या, त्यांवर सही-शिक्का कुणाचा, मूळ प्रती कुठल्या क्रमाने लावायच्या, यावरच बराच वेळ गेला. नंतर महाराष्ट्रातले जिल्हे. नंतर राज्यपाल आणि राष्ट्रपती यांच्या अधिकारांतला फरक. डावीकडच्या काकांनी विचारलं, "वकिलीच करायची तर जज्ज का नाही होत?" त्यावर मी उत्तर द्यायच्या आत आई मागून म्हणाली, "होईल ना, आधी हे तर होऊ दे." सगळे हसले आणि मी लालबुंद झाले. तरी मी ऐकलं सगळं. हे लोक माझ्यासाठी रविवारची झोप आणि मटण सोडून बसले होते, आणि त्यांनी तयार केलेले कितीतरी जण आज बँकांत, रेल्वेत होते. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याशिवाय जायची भीतीही वाटत होती.

अंधेरीचं ऑफिस काचेचं. मला एका खोलीत नेलं. समोर एक वयाने मोठ्या बाई, फर्मच्या भागीदार, आणि शर्टाच्या बाह्या दुमडलेला एक तरुण वकील. दोघंही लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेले. मी खुर्चीमागे ताठ उभी राहिले. कुणी बस म्हणेना. मी उभीच. थोड्या वेळाने बाईंनी वर पाहिलं आणि काळजीने विचारलं, "तुला कुठं जायची घाई आहे का?"

मी बसले आणि घाबरून, विहाराच्या सांगण्यावरून केलेली जाडजूड फाइल टेबलावर ठेवली. तिचा जो आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो.

"हे काय?"

"सर्टिफिकेट्स, मॅम. ओरिजिनल आणि अटेस्टेड."

बाह्यावाला गालात हसला. बाईंनी मात्र फाइल उघडून पानं उलटली. नववीतल्या धावण्याच्या शर्यतीचं प्रशस्तिपत्रकसुद्धा अध्यक्षांनी लावायला लावलं होतं. "छान धावायचीस," त्या म्हणाल्या, आणि त्यात कुचेष्टा नव्हती. मला त्या आवडल्या. म्हणूनच पुढचं जास्त लागलं. त्यांनी विचारलं, आमच्या फर्मचं अलीकडचं कुठलं काम तू वाचलंयस? मी एका कंपनी खरेदीच्या व्यवहाराचं तोंडभरून कौतुक केलं. कराराच्या मसुद्यापर्यंत गेले. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे काम खरंच चांगलं झालंय. पण ते आम्ही नाही केलं." रोज नव्या फर्मच्या प्रेमात पडायचं, तर निदान नावं तरी लक्षात ठेवायला हवी होती. त्यानंतरच्या प्रश्नांना मी काय बोलले ते मला आठवत नाही.

शनिवारी मेल आला. आभार, शुभेच्छा आणि नाही. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आई दोनदा येऊन कपाळावर हात फिरवून गेली. बाबा कामावरून आले आणि पहिल्यांदाच दारातून काही विचारलं नाही. माझा चेहरा आधी पाहिला असणार.

"मी उद्या विहारात जाणार नाही," मी भिंतीलाच सांगितलं.

"नाही जायचं तर राहू दे," आई म्हणाली. "बोलतील लोक दोन दिवस."

बाबा पलंगाच्या कडेला बसले. मग म्हणाले, "जा. मी नव्हतो गेलो."

"कुठे नव्हता गेला? कधी?"

"तू नव्हतीस तेव्हा." आणि पाण्याची मोटर लावायची राहिली म्हणून उठून गेले. आईला विचारलं तर तिलाही काही माहीत नव्हतं.

रविवारी गेले. रडायचं नाही असं ठरवून रागातच गेले, आणि रागातच सगळं सांगून टाकलं. उभी राहिले ते. फाइल आपटली ते. दुसऱ्याच फर्मचं कौतुक केलं ते. शेवटच्या गोष्टीला मागच्या रांगेतल्या एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे सासरी जाऊन शेजारणीच्या आमटीची तारीफ केलीस गं!" आणि सगळा हॉल असा हसला की मलाही हसू आलं. कीव करायला कुणी आलंच नव्हतं. मला वाटलं होतं, त्यांच्या शिकवण्याला नावं ठेवल्यासारखं होईल, अध्यक्ष दुखावतील. त्यांनी चष्मा पुसला आणि कायद्यात दुरुस्ती करावी तशा गंभीरपणे जाहीर केलं, "यापुढे खासगी ऑफिसात खुर्ची दिसली की नमस्कार करून बसायचं. फाइल पिशवीत. मागितली तरच काढायची. ही आमची चूक होती, पोरीची नाही." त्या माणसावर तेव्हा माझा इतका जीव जडला की सांगता येत नाही. पुढे काही महिन्यांनी अंधेरीतल्याच एका छोट्या फर्मने मला घेतलं, तेव्हा मी नवीन नियम पाळला होता.

"आणखी कुणी मुलाखत देऊन आलंय?" त्या रविवारी शेवटी अध्यक्षांनी सवयीने विचारलं. कुणी नव्हतं. लोक सतरंजीवरून उठायला लागले होते. तेवढ्यात बाबा उभे राहिले.

"मी, अण्णा. माझी राहिलीय सांगायची."

ते पुढे आले आणि खुर्चीपाशी उभे राहिले. कामावरच्या बुटांची सवय असलेला माणूस, विहारात अनवाणी, हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. म्हणाले, "माझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट आहे. कारखान्याच्या ऑफिसात क्लार्कची जागा निघाली होती. माझी बारावी झालेली, टायपिंग झालेलं. सराव अण्णांनीच घेतला होता."

"आठवतंय," अध्यक्ष हळूच म्हणाले. "तू परत आलाच नाहीस सांगायला."

"काय सांगणार होतो, अण्णा? काय चुकलं ते सांगायचं असतं इथे. तीन प्रश्न विचारले. तिन्ही आले. तरी घेतलं नाही."

मी आईकडे पाहिलं. ती बाबांकडे अशी बघत होती की जणू तिचं आजच त्यांच्याशी लग्न ठरलंय.

"काय विचारलं होतं?" अध्यक्षांनी विचारलं.

बाबांनी सांगितलं. पहिला हिशेबाचा, तो त्यांनी तोंडी सोडवून दाखवला. दुसरा रजेच्या नियमाचा. तिसऱ्यात एका तक्रारीला इंग्रजीत उत्तर तयार करायला सांगितलं होतं. बाबांनी मान वर केली आणि ते उत्तर पहिल्या ओळीपासून "युअर्स फेथफुली"पर्यंत न अडखळता म्हटलं. घरी मी इंग्रजीत फोनवर बोलायला लागले की टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत बसणारे माझे बाबा. इतकी वर्षं हे सगळं त्यांच्या पोटात होतं आणि मला वाटायचं, त्यांना माझ्या जगातलं काही कळत नाही.

अध्यक्षांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ते डावीकडे वळून काहीतरी कुजबुजले, उजवीकडे वळून कुजबुजले. दोन्ही काकांनी मान हलवली. अध्यक्ष टेबलाला धरून उठले, आणि त्यांच्याबरोबर ते दोघेही.

"तुमची निवड झालेली आहे," ते म्हणाले.

आईने टाळी वाजवली आणि मागोमाग सगळ्या हॉलने. बाबा ओठ घट्ट मिटून उभे होते. टाळ्या थांबल्यावर, जन्मभर ज्यांना अण्णा म्हणत आले त्यांना म्हणाले, "थँक यू, सर."