मुखरूची आरोळी

माजरीच्या खाण कॉलनीत रविवारी सकाळी हॉलमधला टीव्ही लागला की मुखरू पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसायचा. कोळशाच्या पाळीवरून आलेला असो की झोपेतून उठलेला, मालिका पाहायची आणि तिच्यावर बोलायचं, यात खंड नसे. त्याच्या मतावर कॉलनी चालायची.

"ते हवेलीवाली मालिका बेकार हाय," तो सांगायचा. "नुसते सोफ्यावर बसून राह्यतेत. चोर-पोलिसवाली पाहा. चोर कोन हाय ते आधीच समजते, पण मजा येते."

मुखरूचं मूळ गाव वडसाजवळचं. नाटकांच्या मुलखात वाढलेला गडी. तिकडे प्रेक्षक गप्प बसत नाहीत. खलनायक आला की मांडवातून आरोळी जाते आणि नटही खेळ थांबवून तिथल्या तिथे उत्तर देतो. मुखरूच्या आरोळ्यांची नट मंडळी वाट पाहायची म्हणे. ती खोड त्याने टीव्हीपुढेही सोडली नव्हती.

धान कापणीनंतर त्याची लेक वच्छला सासरहून आली, ती परत गेलीच नाही. दंडावर काळंनिळं होतं. रुखमाबाईने, म्हणजे तिच्या आईने, ते नवऱ्याला दाखवलं. "होते नवरा-बायकोत," एवढं बोलून मुखरूने जावयाला निरोप धाडला, येऊन घेऊन जा.

त्या रविवारी एक नवी मालिका होती. नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई माहेरच्या ओसरीत शिलाई मशीन चालवते आहे, बोलत काहीच नाही. मुखरूला कंटाळा आला. नाटकात अशा बाईने एव्हाना दोन गाणी म्हटली असती. तो हात उंचावून ओरडला,

"बापाच्या घरी किती दिस खाशीन वं? जाय ना वापस!"

हॉल खदखदून हसला. मुखरूही हसला आणि दाद घ्यायला मागे वळला. बायकांच्या घोळक्यात वच्छला बसलेली होती. ती हसत नव्हती. ती उठली, पदर सावरला आणि बाहेर गेली.

मुखरूच्या तोंडचं पाणी पळालं. मालिका चालूच होती, पण त्याला त्यातलं काही दिसेना.

घरी आला तर वच्छला पिशवीत लुगडी भरत होती.

"बाबा, त्यायची वाट काऊन पाहाची? मीच जातो उद्या."

जगाच्या मालिकांवर मत देणाऱ्या मुखरूची चुकलं म्हणायला जीभ उचलेना. रुखमाबाई चुलीपाशी पाठ करून बसली होती. शेवटी तो पुटपुटला, "आईतवारपर्यंत थांब. पुढचा भाग पाहून जाय."

"तुमाले तं बेकार वाटली होती ना."

"मले समजली नाई," मुखरू म्हणाला. आठवडाभर तो लेकीच्या नजरेला नजर देऊ शकला नाही. जेवणाचं ताट तिने पुढे ठेवलं की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शनिवारी जावई श्रावण आला. पाहुणा म्हणून रविवारी हॉलमध्ये त्याला पुढे, मुखरूशेजारी बसवलं. मालिका सुरू झाली, ओसरी आली, मशीन आली. मागून लच्छूने, मुखरूच्याच पाळीतल्या जोडीदाराने, हौसेने हाक घातली,

"बापाच्या घरी किती दिस खाशीन वं?"

हॉल पुन्हा हसला. श्रावण सगळ्यांत मोठ्याने हसला. आपलीच आरोळी ऐकताना मुखरूचं अंग लाजेने तापलं. पडद्यावरची बाई टाके घालत होती. ती काय उत्तर देणार? वडसाला नटीने दिलं असतं.

मुखरू उभा राहिला. "जलमभर खाईल!" तो ओरडला. "घर तिचं हाय! जिथं मारतेत तिथं तिच्या बापानं सांगतलं तरी ती जानार नाई!"

हसू थांबलं. श्रावणची मान खाली गेली. सगळ्यांना कळलं होतं, हे टीव्हीला सांगणं नव्हे. मुखरूला मात्र अजूनच लाज वाटली. हे घरात, लेकीच्या तोंडावर सांगायचं होतं. त्यासाठी त्याला भरला हॉल लागला. मागे वळायची हिंमत होईना. तो तसाच उभा राहिला.

मग बायकांतून वच्छलेचा आवाज आला.

"बाबा, खाली बसा ना. काई दिसून नाई राह्यलं."