पखवाजाची कणीक

लग्न होऊन नलिनी जोगेश्वरीला आली, त्याच आठवड्यात नवऱ्याने, काशीरामने तिला कणीक मळायला बसवलं. पखवाजाच्या डाव्या बाजूला लावायची कणीक, आवाज भरदार व्हावा म्हणून. तिने बापडीने चपातीसारखी तेल घालून मळली. भजन रंगात आलं आणि कणीक सटकन घसरून बुवांच्या धोतरावर! "तेल घातलंस काय गो?" काशीराम अख्ख्या मंडळासमोर ओरडला. मेल्याला लाज कशी ती नाही, म्हणत ती तेव्हा ढसाढसा रडली होती.

पण काय दिवस होते ते! अंधेरीच्या कारखान्यातून हा दमून यायचा, पण पखवाज पुढ्यात घेतला की शिणवटा कुठच्या कुठे पळायचा. चाळीतल्या बायका चिडवायच्या, "नवऱ्यापेक्षा पखवाजच जास्त खातो ना गं तुझ्याकडे?" पुढे चाळ पडली, टॉवर आला, मंडळातले निम्मे विरारला गेले. पखवाज मात्र घरातच राहिला.

यंदा काशीरामला लकव्याचा झटका आला. वाचा वाचली, पण डावा हात गेला. पखवाजावर त्याने चादर टाकली. "एका हातान नुसतो 'ता' येता. 'धा'क दोन हात लागतत. संपलां सगळां." पखवाजाशिवाय हा माणूस फार दिवस काढणार नाही, हे नलिनीला पक्कं ठाऊक होतं.

व्यायाम करून घ्यायला रेवती नावाची मुलगी घरी यायची. ती म्हणाली, "आजोबा, एका हाताची बोटं हलवली की मेंदूची मुख्यतः उलटी बाजू कामाला लागते. दोन्ही हात एकदम चालले की दोन्ही बाजू जाग्या होतात. चांगला हात कधीकधी दुसऱ्याला ओढून नेतो. टेबलावर दोन्हीकडची बोटं एकदम आपटा बघू." म्हातारा आपटेल तर शपथ!

रेवती गेल्यावर नलिनीने गुपचूप कणीक मळली, चादर ओढून काढली आणि पखवाज त्याच्या पुढ्यात ठेवला. त्याच्या लुळ्या हातावर आपला हात ठेवून म्हणाली, "वाजवा आता."

त्याचा उजवा हात पडला, तिने डावा आपटला. 'धा'! पुन्हा 'धा'. पुन्हा. तिला एकदम भडभडून आलं आणि डोळे पुसायला तिने हात काढून घेतला.

'धा' तरीही आला. फुसका, बसका, पण 'धा'च.

काशीराम आपल्या डाव्या बोटांकडे बघतच राहिला. मग ओरडला, "काय ह्यो आवाज! तेल घातलंस काय गो?"

"घातलं," नलिनी म्हणाली. घातलं नव्हतं. "ओरडा हो, अजून ओरडा."