अक्का, सप्टेंबर आणि एप्रिल

अक्काच्या दारात चप्पल काढायच्या आधी माणसाला वाईट बातमी सांगावी लागे. चांगली असली तर ती नंतर, चहाबरोबर. शेजारचे भाऊसाहेब एकदा पोरगा पास झाल्याचे पेढे घेऊन आले, तर हिचा पहिला प्रश्न, "किती विषय राहिले?" भाऊसाहेबांचा चेहरा पडला. दोन राहिले होते. "मग ते आधी सांगायचं ना! पेढे काय पळून जातात का?" असं म्हणत तिनं पुडा हातातून घेतला आणि त्यांना खुर्ची दिली.

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. धुळ्यातल्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तिनं उभा जन्म काढला. लग्न केलं नाही, आणि का नाही केलं हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आई-बाबा नरडाण्याला, बाबांची तिथं कारखान्यात नोकरी. मी शाळेसाठी पाचवीत अक्काकडे आले ती शेतीच्या कॉलेजात एमएस्सी होईपर्यंत तिथंच राहिले. एरवी तिची मराठी दवाखान्यातली, नीटनेटकी. चिडली किंवा जीव कळवळला, की मात्र सरळ अहिराणी.

"खोटा धीर दिला की माणूस तयारीला लागत नाही," ती म्हणायची. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका बाईचा नवरा वॉर्डात शेवटच्या घटका मोजत होता आणि जो तो तिला "होईल बरं" म्हणून पुढं सरकत होता. अक्का तिच्याशेजारी फरशीवर बसली. म्हणाली, "बाई, तो आता घरी येत नाही. मुलांना बोलावून घे." मुलं वेळेवर पोचली, बापाशी बोलली. ती बाई पुढं दर हिवाळ्यात आमच्याकडे तुरीच्या शेंगा घेऊन यायची आणि दारात उभी राहून आधी गावातलं झाडून सगळं वाईट सांगायची!

स्वतःचं दुखणंही अक्कानं असंच सांगितलं. हृदयाच्या तपासण्या करून आली, मला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली आणि म्हणाली, "मना पंप बिघडेल शे. वरीस निघनं ते निघनं." माझा घास हातातच राहिला. "खा," ती म्हणाली, "पंप माझा बिघडलाय, तुझा नाही." मला तेव्हा तिचा इतका राग आला, की मी ताट सरकवून गच्चीवर निघून गेले.

त्याच उन्हाळ्यात मला परदेशातल्या दोन विद्यापीठांचे होकार आले. इंग्लंडचं मोठं, नावाजलेलं, वर्ग सप्टेंबरात सुरू. जर्मनीचं आडगावातलं, नाव सांगितलं तर लोक दोनदा विचारणार. पण तिथल्या प्राध्यापिका केळीच्या करप्यावरच काम करणाऱ्या. माझा विषय तोच. पानांवर डाग पडून शिरपूरकडच्या बागा कशा करपत जातात, यावरचा माझा प्रबंध त्यांनी ओळ न ओळ वाचून प्रश्न पाठवले होते. त्यांच्याकडची जागा मात्र पुढच्या एप्रिलपासून.

मला एप्रिल हवा होता आणि तेच बोलायची सोय नव्हती. कारण एप्रिल म्हटलं की अक्काजवळ तेवढे महिने जास्त मिळणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मी त्या प्राध्यापिकांसाठी एप्रिल म्हणतेय की अक्कासाठी, हे खरं सांगायचं तर माझं मलाच उमगत नव्हतं. अक्काला मात्र शंकाच नव्हती. "मनासाठे कोनी थांबानं नही," तिनं निकाल देऊन टाकला.

मग घरात भलतंच सुरू झालं. मी दिलेल्या गोळ्या ती घेईना, स्वतः उठून घेई. एका दुपारी मला न सांगता रणरणत्या उन्हात एकटीच डॉक्टरकडे चालत गेली आणि वाटेत एका दुकानाच्या पायरीवर धापा टाकत बसली. ओळखीच्या रिक्षावाल्यानं घरी आणून सोडलं. ओठ निळे पडलेले, तरी म्हणते कशी, "बघ, जमतं मला." मी किंचाळले, "मरायचंय का तुला?"

इंग्लंडला होकार कळवायचा शेवटचा दिवस उजाडला. बाबा रजा टाकून आले. "वाईट हे, की पोरगी हातातलं सोडतेय," ते दारातूनच म्हणाले. "एप्रिलचा व्हिसा नाही मिळाला तर दोन्हीकडून जाईल." समोर लॅपटॉप उघडा होता. अक्का खाटेवर, पाठीशी तीन उशा. त्याशिवाय तिला श्वास पुरत नसे.

"मला जर्मनीच पाहिजे," मी म्हटलं.

"मी शे म्हनीसन."

"नाही!"

"मंग मी आजच मरी गयू समज."

बाबा ताडकन उठले. "अक्का, तोंड आवर! काय अभद्र बोलतेस!"

"तू गप रे भाऊ." तिनं माझ्यावरची नजर हलवली नाही. "बठ्ठा माले पोचाडीसन घर उनात. हाई खाट रिकामी शे. आते सांग, कोन्तं?"

मी त्या खाटेकडे पाहिलं, सगळे तिला स्मशानात पोचवून घरी आलेत असं धरलं आणि खरंच तिला मनातल्या मनात मारलं. असलं काम देवानं वैऱ्यालाही सांगू नये. त्या रिकाम्या घरातून मला आधी पळूनच जावंसं वाटलं, सप्टेंबरात, मिळेल त्या विमानानं. पण पळून जाऊन करायचं काय? इंग्लंडात मी काय शिकणार हे मला धड सांगतासुद्धा आलं नसतं. जर्मनीच्या बाईंनी विचारलेला प्रश्न मात्र तसाच डोक्यात होता, एकाच बागेतली काही झाडं करप्यातून वाचतात ती कशी? मला त्याचं उत्तर हवं होतं, अक्का असो की नसो.

"तरी जर्मनीच," मी म्हटलं आणि हमसून हमसून रडले.

अक्कानं तेव्हा कुठं माझ्यावरची नजर काढली. मग बाबांना म्हणाली, "इंग्लंडला नाही म्हणून कळव. आणि ते मशीन बंद कर." बाबांनी कपाळावर हात मारला, पण कळवलं.

तो हिवाळा मी धुळ्यातच काढला. मी मोठ्यानं जर्मन घोकायची आणि अक्का आतून विचारायची, "घसा दुखतो का गं?" फेब्रुवारीत ती गेली. एप्रिलमध्ये मी इकडे जर्मनीला आले.

ती जायच्या थोडे दिवस आधी माझा व्हिसा आला. मी धावत आत जाऊन तिला दाखवला. तिला बोलायलाही दम लागत होता. माझं मनगट धरून तिनं मला जवळ बसवलं.

"माले बी एप्रिलच पाहिजे व्हतं वं पोरी," ती म्हणाली. "त्या दिन माले भलता भ्याव लागना. तू इंग्लंड म्हनती ते?"

मी इंग्लंड म्हटलं असतं, तर या बाईनं मला हसत विमानात बसवलं असतं आणि हे कधीच सांगितलं नसतं.